पन्नास पैशांचे आभार

१/
पत्रास कारण की, दरवर्षी ९ ऑक्टोबरला जागतिक टपाल दिन येतो. १८७४ साली याच दिवशी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघाची स्थापना झाली, त्याची ती आठवण. या दिवसाबरोबर एक आवाहनही फिरू लागते : ‘आपल्या माणसांना हाताने आभारपत्र लिहा, तिकीट लावा, पेटीत टाका आणि टपालसेवा वाचवा.’ आवाहन गोड आहे. पण अर्धेच खरे आहे. कोणता अर्धा भाग खरा आणि तो का मोलाचा, हे या धाग्यात पाहू.

२/
प्रथम हिशेब. साध्या पोस्टकार्डाची किंमत ५० पैसे. टपाल खात्याच्या २०१६-१७ च्या वार्षिक अहवालानुसार एका पोस्टकार्डामागे खात्याला येणारा सरासरी खर्च १२ रुपयांहून अधिक होता. म्हणजे खर्चाच्या जेमतेम चार टक्के रक्कम पत्र लिहिणारा देतो. उरलेला भार सरकारी तिजोरी उचलते. तेव्हा एक हजार आभाराची कार्डे पाठवून आपण खात्याच्या गल्ल्यात ५०० रुपये टाकतो आणि कागदावर १२ हजारांचा खर्च उभा करतो. ‘टपाल वाचवा’ या घोषणेला हा आकडा पहिल्याच पायरीवर अडवतो.

३/
परंतु सरासरी हा फसवा शब्द आहे. त्या १२ रुपयांत पगार आहेत, इमारती आहेत, रेल्वे-मोटारींचे भाडे आहे. पोस्टमन एका इमारतीत एक पाकीट घेऊन आला काय आणि चाळीस पाकिटे घेऊन आला काय, त्याचा फेरा तोच राहतो. जवळजवळ रिकामी थैली वाहून नेण्याचा खर्च भरलेल्या थैलीच्या खर्चाहून फारसा कमी नसतो. पत्रे घटली की उरलेल्या प्रत्येक पत्राच्या माथी अधिक खर्च मांडला जातो. म्हणून आपले एक कार्ड टपाल खात्याला तारत नाही आणि बुडवतही नाही. मग ते लिहायचे कशासाठी? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

४/
मराठेशाहीत पत्रे नव्हती असे नाही. पत्रांचा तर पूर होता. कासीद आणि जासूद शेकडो कोस पायी तोडत. पेशवे दफ्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी ४५ खंडांत छापले, ते पाहिले की या दळणवळणाचा आवाका ध्यानात येतो. पण कासीद ठेवणे कोणाला परवडे? दरबाराला, सरदारांना, सावकारांना, मोठ्या देवस्थानांना. मावळातल्या कुणब्याने दूरच्या मुलखात चाकरीला गेलेल्या मुलाला खुशाली कळवायची झाली, तर त्या वाटेने जाणारा ओळखीचा माणूस गाठण्यावाचून त्याला फारसा उपाय नव्हता.

५/
कंपनी सरकारची डाक आली तेव्हाही चित्र एकदम पालटले नाही. १८३७ च्या कायद्याने सार्वजनिक टपालाची चौकट उभी राहिली. मात्र दर वजनावर आणि अंतरावर ठरे. गाव जितके दूर, तितके पत्र महाग. म्हणजे ज्याचे माणूस सर्वांत लांब गेले आणि ज्याला पत्राची सर्वाधिक गरज, त्यालाच सर्वाधिक भुर्दंड. इंग्लंडातही अशीच रीत होती. रोलंड हिल यांच्या सुधारणेनंतर १८४० साली ‘पेनी ब्लॅक’ हे तिकीट आले आणि अंतर कितीही असो, दर एक, हे तत्त्व तेथे रुजले.

६/
हिंदुस्थानात हे तत्त्व १८५४ साली आले. त्या वर्षीच्या टपाल कायद्याने आणि ऑक्टोबरपासून देशभर चालणाऱ्या तिकिटांनी पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राचा दर अर्धा आणा असा ठरला. पत्र पुण्याहून तळेगावला जावो की पेशावरला, दर तोच. हा निर्णय नीट पाहा. तळेगावचे पत्र पेशावरच्या पत्राचा खर्च उचलू लागले. ओळखदेख नसलेल्या दोन माणसांमध्ये झालेला हा एक मूक करार होता. टपाल म्हणजे मुळात हाच करार. लाल पेटी आणि खाकी गणवेश नंतरचे.

७/
१ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. १८८० मध्ये मनीऑर्डर आली आणि १८८२ मध्ये टपालाची बचत बँक. १८८१ मध्ये पुण्यात निघालेला ‘केसरी’ शहराबाहेरच्या वर्गणीदारांच्या हाती पडे तो टपालानेच. पोस्टकार्डावर गुप्तता नव्हती, कागद जेमतेम विताएवढा. तरीही त्या पाव आण्याने अक्षरओळख नसलेल्या माणसालाही पत्रव्यवहारात आणले. लिहिणारा दुसरा, वाचून दाखवणारा तिसरा, आणि निरोप मात्र ज्याचा त्याचा.

८/
आभारपत्राचा खरा पूर्वज शोधायचा तर तो मनीऑर्डरमध्ये सापडतो. मुंबईच्या गिरणगावातून कोकणात जाणाऱ्या पैशावर रत्नागिरीतली कित्येक घरे चालत. तेथील अर्थव्यवस्थेला ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ असे नावच पडले. पुढे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आलेल्या मराठवाड्याच्या, खानदेशाच्या, विदर्भाच्या कामगारांनीही गावी पैसे धाडले ते याच मार्गाने. फॉर्मच्या तळाशी दोन-चार ओळींपुरती जागा असे. पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा उमटलेली पोच परत धाडणाऱ्याकडे येई.

९/
ती पोच नुसती पावती नव्हती. आईचा अंगठा शाईत बुडून कागदावर उमटला, म्हणजे आई आहे, तिला पैसे मिळाले आणि तिने हात वर करून आशीर्वाद दिला, इतके सारे त्या एका ठशात मुलगा वाचत असे. ‘आभारी आहे’ हे शब्द त्यात कुठेही नसत. आजच्या पिढीने मोबाइलवर पाहिलेल्या ‘रक्कम जमा झाली’ या ओळीत आकडा अचूक असतो. माणूस मात्र नसतो.

१०/
येथे एक सावधगिरी. टपालाचा इतिहास म्हणजे नुसता जिव्हाळा, असे चित्र रंगवणे अनैतिहासिक ठरेल. ही व्यवस्था साम्राज्याने स्वतःच्या सोयीसाठी उभारली होती. १८९८ च्या कायद्याने पत्रे वाहून नेण्याचा अनन्य अधिकार सरकारने स्वतःकडे राखला आणि ती अडवण्याची मुभाही. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा जून २०२४ मध्ये लागू झाला. त्यात पहिला अधिकार उरला नाही; दुसरा, म्हणजे टपाल अडवण्याचा, उरला आहे. तेव्हा टपालावर प्रेम करावे, पण डोळे उघडे ठेवून.

११/
आता इतिहासाच्या अभ्यासकांसाठी कळीचा मुद्दा. रावेतहून पवनेच्या काठाने खाली गेले की चिंचवड लागते. मोरया गोसावींच्या देवस्थानाचे कागद टिकले : सनदा, इनामे, तंटे, हिशेब. त्या कागदांच्या आधारे लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाला ‘द देव्ज ऑफ चिंचवड’ हा ग्रंथ लिहिता आला. तो १९८९ मध्ये केंब्रिजहून प्रसिद्ध झाला. त्याच पवनेच्या काठी नांगर धरणाऱ्यांचे, मोट हाकणाऱ्यांचे, जात्यावर बसणाऱ्या बायांचे स्वतःच्या शब्दांतले कागद किती आहेत? इतिहासात कोण बोलते, हे बऱ्याच अंशी कोणाचा कागद उरला यावर ठरते.

१२/
याचे उजळ उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आज उपलब्ध आहेत : १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. शेवटचे जुन्नरजवळच्या ओतूरहून, दुष्काळाच्या दिवसांत लिहिलेले. तीनच पत्रे, पण त्यांच्यामुळे सावित्रीबाई केवळ ‘जोतीरावांच्या पत्नी’ म्हणून उरत नाहीत. दुष्काळात काम करणारी, प्रसंग पाहणारी, मत बनवणारी आणि ते ठामपणे कळवणारी बाई आपल्यासमोर उभी राहते. ही पत्रे हरवली असती तर आपण काय गमावले असते, याचा अंदाजही आपल्याला करता आला नसता.

१३/
वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यावरचे रुमाल सोडवले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये वाचकांच्या हाती ठेवला. पानिपतपूर्व काळातील पत्रे त्यात आली. तुमच्यापैकी अनेकजण आज मोडीचे वर्ग करतात ते असेच कागद वाचता यावेत म्हणून. आता कल्पना करा : २०९८ सालचा राजवाडे रावेतला आला. कोणत्या माळ्यावर चढेल? बिघडलेल्या फोनमध्ये आणि विसरलेल्या सांकेतिक शब्दांमागे आपली सारी खुशाली कोंडलेली असेल.

१४/
रावेतचेच घ्या. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत जी गावे आली त्यांत रावेत होते. तेथील पत्त्यांवर पुष्कळदा ४१२१०१ हा क्रमांक दिसतो, तर चिंचवडगावात ४११०३३. शहराची हद्द पुढे सरकली, तरी पत्त्यातले ते ‘४१२’ जुन्या भूगोलाची खूण सांगत राहिले. पिनकोडही अशा रीतीने वाचता येतो. पहिला अंक विभागाचा; ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा. शेवटचे तीन म्हणजे पत्र वाटणारे कार्यालय.

१५/
ही सहा अंकी योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी, आणि त्याचबरोबर संस्कृतचे पंडित व कवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड लागू झाला. एकाच नावाची अनेक गावे, नाना लिप्यांतील आणि नाना वळणांची अक्षरे, यांतून पत्र योग्य दारी जावे हा त्याचा हेतू. आज घरपोच वस्तू मागवताना प्रत्येक कंपनी आपल्याला पहिल्यांदा विचारते ते हेच सहा अंक. टपालाने घातलेल्या पायावर बाजार उभा आहे. आभार मात्र कोणी मानले नाहीत.

१६/
रावेतच्या उंच इमारतींत तळमजल्यावर पत्रपेट्यांची रांग असते. पोस्टमन आजही येतो. आधार कार्ड, पारपत्र, बँकेचे कार्ड, न्यायालयाची नोटीस हे सारे तोच आणतो. टपाल संपले, ही समजूत म्हणूनच चुकीची. संपत आले आहे ते माणसाने माणसाला लिहिलेले टपाल. सरकार आपल्याला लिहिते, बँक लिहिते, विमा कंपनी लिहिते. आपण मात्र कोणालाच लिहीत नाही. पेटीत कोणाचे अक्षर पडत नाही, फक्त छापील नावे पडतात.

१७/
याचा शेवट कोठे होऊ शकतो, हे डेन्मार्कने दाखवले. तेथील टपालसेवा १६२४ पासूनची. सन २००० नंतर तेथील पत्रसंख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने सर्वत्र पत्र पोहोचवण्याचे जुने बंधन काढले. २०२५ मध्ये सुमारे दीड हजार लाल पेट्या हटवल्या गेल्या आणि ३० डिसेंबर २०२५ रोजी ‘पोस्टनॉर्ड’ने पत्रवाटप थांबवले. पत्रे आता खासगी कंपनी पोहोचवते. पत्र नाहीसे झाले नाही. पण ते सर्वांचे देणे होते, ते धंद्याचा एक प्रकार झाले. चार शतकांचा करार मोडताना फारसा आवाज झाला नाही, कारण त्याआधीच लोकांनी लिहिणे सोडले होते.

१८/
आपल्याकडे दीड लाखांहून अधिक टपाल कार्यालये आहेत आणि त्यांतील बहुतांश खेड्यांत. येथे डेन्मार्क उद्या होणार नाही. पण चिन्हे पाहा. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची नोंदणीकृत स्वस्त डाक थांबली. छोट्या प्रकाशकांनी ओरड केली आणि मे २०२५ मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा आली. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. प्रत्येक निर्णयामागे कारणे असतील. पण पुस्तकांच्या प्रकरणातून एक धडा घ्यावा : जी सेवा वापरणारे लोक बोलतात, तिचा फेरविचार होतो.

१९/
म्हणून माझे मत असे. आभारपत्राला टपाल खात्यावरचे उपकार समजू नका. ज्यांना खात्याच्या तिजोरीला खरोखर हातभार लावायचा आहे त्यांनी टपालात बचत खाते उघडावे. त्या कामाचा मोबदला अर्थ मंत्रालयाकडून मिळतो आणि तो खात्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे. पुस्तके ‘ज्ञान पोस्ट’ने धाडावीत. पत्र लिहावे ते दुसऱ्या कारणासाठी : १८५४ चा करार अजून आपल्याला हवा आहे, हे वापरून दाखवण्यासाठी. हक्क वापरात राहिला की तो काढून घेणाऱ्याला निदान कारण द्यावे लागते.

२०/
आणि आभारच का? कारण मराठी माणूस घरच्यांचे आभार तोंडाने मानत नाही. आईला ‘धन्यवाद’ म्हटले तर ती काळजीत पडेल. आपल्या पत्रलेखनाने ही अडचण फार पूर्वी सोडवली होती. ‘तीर्थरूप’, ‘साष्टांग नमस्कार’, ‘अनेक आशीर्वाद’, ‘कळावे, लोभ असावा’ या मायन्यांत आदर, माया आणि कृतज्ञता आधीच भरलेली असे. न बोलता येणारे बोलण्याची ती एक सभ्य वाट होती. ती वाट आपण बुजू दिली आणि तिच्या जागी जोडलेल्या हातांचे एक पिवळे चित्र आणून ठेवले.

२१/
आक्षेप येईल : ‘निरोप क्षणात जातो, मग चार दिवस कशाला?’ वेगाशी माझे भांडण नाही. अपघाताची बातमी फोननेच द्यावी. पण आभाराला घाई कसली? जे क्षणात येते ते क्षणात वर सरकून दिसेनासे होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : हे सुशिक्षितांचे स्मरणरंजन नव्हे काय? असेलही, जर आपण पत्रे केवळ एकमेकां इतिहासप्रेमींना लिहिली तर. म्हणून ज्यांना आजवर कोणी कधी लिहिले नाही त्यांना लिहा.

२२/
अशी माणसे दूर नाहीत. प्राथमिक शाळेतल्या बाई. पहिल्या नोकरीत काम शिकवणारे चाकणच्या कारखान्यातले जुने कारागीर. गावाकडे शेत सांभाळणारी आत्या. गड दाखवताना घरी जेवू घालणारे वाटाड्ये दादा. आणि रोज आपल्या इमारतीचे जिने चढणारे पोस्टमन काका. त्यांनी हजारो पत्रे वाटली, त्यांच्या स्वतःच्या नावाचे पत्र त्यांच्या थैलीत कितीदा निघाले असेल?

२३/
लिहिताना भावी इतिहासकारावर थोडी दया करा.
• तारीख वर्षासह लिहा. ‘मंगळवार’ एवढ्याने काही कळत नाही.
• स्थळ लिहा. ‘रावेत’ असे लिहिलेत की गावही इतिहासात गेले.
• ‘सगळ्याबद्दल आभार’ असे लिहू नका. नेमकी गोष्ट लिहा. कोणत्या दिवशी, काय केले, त्याचे काय झाले.
• आजचा एखादा भाव, एखादा रस्ता, पावसाचा एखादा दिवस येऊ द्या.
• पूर्ण नाव, पूर्ण पत्ता आणि पिनकोड. कार्डाला ५० पैसे, २० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला ५ रुपये.
• आलेले पत्र फेकू नका. बांधून ठेवा.

२४/
पेशवाईत खुशाली कळवायला कासीद लागे. १८५४ ने तो हक्क अर्ध्या आण्यात आणला, १८७९ ने पाव आण्यात. आज तो ५० पैशांत मिळतो, आणि त्याची उरलेली किंमत आपल्याला कधीच न भेटणारी माणसे भरतात. इतक्या थोड्या पैशांत इतका मोठा हक्क हाती असताना तो न वापरताच सोडून देणारी पिढी म्हणून आपली नोंद व्हावी काय? या रविवारी एकच पत्र लिहा. पोहोचले की मला सांगू नका. ज्याला पोहोचले त्याला ते दोनदा वाचू द्या.

कळावे, लोभ असावा.